गायगर मीटरची टिकटिक बंद करू का? आणि हा सेल एवढे का खातोय?

चिंचोळी_स्टोअर

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळाय पण इथं इलेक्ट्रॉनिक्सवाले बरेच दिसतात म्हणून विचारतो. मी चिंचोळी एमआयडीसीत एका छोट्या फाउंड्रीत स्टोअरला आहे, भंगाराच्या गाड्या काट्यावर घेणं, उतरवून घेणं, पावती फाडणं हे माझं काम. दोन महिन्यांपूर्वी शेठनी एक हातात धरायचा रेडिएशन मीटर आणला, गायगर ट्यूबवाला, किरण पकडला की टिक करतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो, आणि माझ्या हातात देऊन म्हणले आजपासून प्रत्येक गाडी याच्यानं बघायची, वाजला तर गाडी आत घ्यायची नाही. झालं ट्रेनिंग. सोबत जी पुस्तिका आलीय ती इंग्रजीत आहे, ते पण असलं तोडकंमोडकं की वाचून जास्त गोंधळ होतो.

आता त्रास सांगतो. यार्डात फोर्कलिफ्ट, ब्लोअर, भंगार ओतल्याचा खणखणाट, त्यात ह्याची टिकटिक ऐकूच येत नाही. आणि अलार्म नको तिथं वाजतो. मागच्या आठवड्यात कोअर शॉपच्या (साच्यात घालायचे वाळूचे गाभे बनवतात तिथल्या) दारातून चाललो होतो तर एकदम कोकलायला लागला, दोन पोरं हातातलं काम टाकून गेटबाहेर, त्यातला एक तर चप्पल तिथंच सोडून. शेठ माझ्यावरच उखडले. अलार्म मी ३० सीपीएमवर (म्हणजे मिनिटाला ३० टिक) ठेवलाय, कारण मोकळ्यात १८, २०, २२ असं दाखवतो.

दुसरं म्हणजे सेल. चार-पाच दिवसाला नवी जोडी लागते, रोजचे १२ तास मीटर चालू असतो. अकाउंटच्या मॅडम म्हणतात मीटर हाय का रेल्वे इंजिन. मग मी स्वतःच्या खिशातून रिचार्जेबल सेल आणले, रात्रभर चार्ज केले, तर घातल्या घातल्या बॅटरी अर्धी दाखवतो आणि दुपारच्या आत बंद.

मित्र म्हणला आवाज बंद कर, बॅटरी वाचेल, नुसता आकडा बघत जा. घरी पण तेच मत आहे. मेनू नीट बघावा म्हणून एकदा घरी आणला होता, रात्री उशाला ठेवला, टिक... टिकटिक... टिक, तर आज्जी अंधारात प्रत्येक टिकेला जमिनीवर बोटं आपटून कृष्ण कृष्ण म्हणायली, तिला वाटलं पाल चुकचुकायली. सकाळी म्हणली रात्रभर चुकचुकत होती, काहीतरी होणार आहे घरात.

मेनूत क्लिक, अलार्म, व्हायब्रेशन, बॅकलाइट, ऑटो पॉवर ऑफ, बॅटरी टाइप एवढं दिसतंय. काय चालू ठेवू, काय बंद करू?

कडक_भाकरी

का बे, आधी डब्यातली शेंगाचटणी तपासून घे 😂 आमच्या हिच्या हातची असेल तर नक्की वाजणार.

जुळे_सोलापूर_सर्किट

@कडक_भाकरी हसू नको, शेंगदाण्यात पोटॅशियम असतंय आणि सगळ्या पोटॅशियममध्ये थोडं पोटॅशियम-४० असतंच, ते किरणोत्सारी आहे. पण चटणीतलं एवढं कमी की ह्याच्या ट्यूबला पत्ताही लागणार नाही.

@चिंचोळी_स्टोअर, दादा टिकटिक अजिबात बंद करू नको. बॅटरीचा आणि आवाजाचा काही संबंध नाही, हिशोब करून दाखवतो. तुझ्या मोकळ्यात मिनिटाला २० टिक. एक टिक म्हणजे बझर समजा ५ मिलीसेकंद वाजला, म्हणजे मिनिटभरात सगळा मिळून एक दशांश सेकंद. बाकी ५९.९ सेकंद बझर झोपलेला आहे. त्याला बंद करून काय वाचणार? माझ्याकडं असाच दोन सेलवाला मीटर आहे (मी घरी बसून बनवलाय, दिसायला भंगार आहे पण चालतो) त्याला मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून मोजलेलं आहे, बॅकलाइट बंद असताना ८ मिलीॲम्पियर, बॅकलाइट लावला की ३१. चांगल्या अल्कलाइन सेलमधून साधारण २००० मिलीॲम्पियर-तास मिळाले असं धर. ३१ नं भाग दे, ६४ तास आले. तुझे १२ तासाचे चार-पाच दिवस म्हणजे किती? तेवढेच की. म्हणजे तुझा बॅकलाइट दिवसभर चालू आहे, पैजेवर सांगतो. उन्हात तो दिसत पण नाही, उगी जळतोय. ५ सेकंदावर ठेव, बटण दाबलं की लागेल.

लोकांना वाटतं ट्यूबला ४०० व्होल्ट लागतात म्हणजे ती बॅटरी पीत असणार. तसं नाही, व्होल्टेज मोठं असलं तरी करंट नगण्य आहे. खाणारे दोघंच, बॅकलाइट आणि व्हायब्रेशनची मोटर. व्हायब्रेशन प्रत्येक टिकेला लावलं असशील तर काढ, फक्त अलार्मला ठेव, आणि ते मात्र ठेवच, यार्डात कानापेक्षा तळहाताला आधी कळतं.

रिचार्जेबलचं सोपं आहे. मेनूत बॅटरी टाइप अल्कलाइनवर असणार. अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्ट, म्हणजे जोडीचे तीन. तुझे निकेल मेटल हायड्राइडवाले पूर्ण भरलेले असले तरी १.२ च्या आसपास राहतात, जोडीचे २.४. मीटरला वाटतंय सेल अर्धे संपले, आणि थोडं अजून उतरलं की तो स्वतःच बंद पडतोय. सेलमध्ये अजून भरपूर जीव असतो. टाइप बदल, प्रश्न मिटला. फक्त ध्यानात ठेव, हे सेल शेवटपर्यंत १.२ ला चिकटून बसतात आणि मग एकदम झोपतात, अल्कलाइनसारखं हळूहळू उतरताना दिसत नाही, त्यामुळं एक भरलेली जोडी खिशात पाहिजे.

आता अलार्म. २० सरासरी असली तरी दर मिनिटाला २० येणार नाहीत, कधी १५ येतील कधी २७, हा मीटरचा दोष नाही, किरणोत्साराचा स्वभावच तसा आहे. २० मोजले तर साधारण साडेचारची वरखाल धरायचीच. दिवसभर चालू ठेवलास तर ३० पार आठ-दहा वेळा असाच होणार, कुणी काही न करता. यार्डात तीन जागी दहा-दहा मिनिटं मीटर ठेव आणि एकूण टिक मोज, २०० च्या आसपास आले की सरासरी पक्की कळली. मग अलार्म त्याच्या अडीच-तीन पट ठेव.

कोअर शॉपमध्ये वाजला ते मात्र खोटं नसावं. तुमच्यात कोअरला झिरकॉनचं कोटिंग मारतात का? त्या पोत्यांजवळ होतास का?

मोहोळ_पंपवाला

एवढं कशाला, त्याच मापाचे लिथियमचे सेल मिळतात ३.७ व्होल्टवाले, टॉर्चमध्ये आम्ही तेच घालतो, लय टिकतात. आणि आवाज बंदच बरा, भंगारवाल्याची गाडी तपासताना टिकटिक वाजली की ते लोक भांडायला उठतात.

जुळे_सोलापूर_सर्किट

@मोहोळ_पंपवाला भाऊ ते सेल दिसायला सारखे पण भरल्यावर ४.२ व्होल्ट, दोन घातले की ८.४, तीन व्होल्टच्या मीटरचा धूर निघेल. टॉर्च वेगळा, हे वेगळं. कृपा करून त्याला असलं सांगू नका.

क्षकिरण_काका

मी निवृत्त आहे, तीस वर्षं हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात काढली, छातीला टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदणारा बिल्ला) लावून, दर तीन महिन्यांनी तो मोजायला पाठवायचा. मशीनच्या खोलीत सर्व्हे मीटर घेऊन जायचं हे रोजचं काम. माझीच चूक सांगतो. पेशंटचे नातेवाईक टिकटिक ऐकून घाबरायचे, म्हणून मी आवाज बंद करून ठेवला होता. मीटरला ऑटो पॉवर ऑफ होतं, दहा मिनिटं बटण दाबलं नाही की गप्प बंद. एके दिवशी सगळी फेरी मारून आलो, वहीत नोंद लिहायला आकडा बघितला तर पडदा कोरा. म्हणजे मी अर्धा तास एक मेलेला डबा हातात धरून खोल्याखोल्यातून फिरत होतो आणि मनात म्हणत होतो सगळं ठीक आहे. नशीब की त्या दिवशी खरंच सगळं ठीक होतं. टिकटिक चालू असती तर दुसऱ्या मिनिटाला कळलं असतं. तेव्हापासून मी ऑटो पॉवर ऑफ कामाच्या वेळेत बंद आणि आवाज चालू, याच्यात बदल नाही.

अजून एक गोष्ट लोकांना माहिती नसते. प्रत्येक टिकेनंतर गायगर ट्यूबला क्षणभर सावरायला लागतं. किरणोत्सार फारच जास्त असला तर तिला सावरायला वेळच मिळत नाही आणि साधा मीटर उलट कमी आकडा दाखवतो, कधी शून्य. तर गाडीजवळ जाताना टिकटिक वाढत वाढत गेली, नुसती घरघर झाली आणि मग अचानक शांतता झाली, तर ती शांतता सगळ्यात वाईट. तिथून मागं फिरायचं. हे आकड्याकडं बघणाऱ्याला कळणार नाही, पडदा सरासरी काढत बसतो, तो नेहमी काही सेकंद मागं असतो. कान मागं नसतो.

तुमच्या शेठनी मीटर आणला हे चांगलंच केलं. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० आलं होतं, उघडून तुकडे करणाऱ्यांना काय आहे हेच माहिती नव्हतं, एक जण गेला, बाकीच्यांना भोगावं लागलं. पण हातातल्या एवढ्याशा ट्यूबवर सगळी भिस्त ठेवू नका. गाडीच्या मध्यभागी, लोखंडाच्या ढिगात, शिशाच्या डब्यात काही असेल तर बाहेरून हिला कळणार नाही. मोठ्या कारखान्यांत गेटला मोठाले डिटेक्टर असतात ते त्यासाठीच. तुम्ही गाडीभोवती अगदी हळू फिरा, भंगार उतरवताना एकदा आणि पसरल्यावर परत एकदा बघा. तीन पाती असलेलं चिन्ह किंवा विनाकारण जड डबा दिसला तर हात लावायचा नाही, माणसं लांब, अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते, आणि पोलीस व एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळवायचं. गाडी परत पाठवून देणं हा उपाय नाही, ती मग दुसऱ्याच्या दारात जाते. हे शेठना सांगा, गाडी आत घ्यायची नाही म्हणजे काय ते त्यांनी परत एकदा विचारात घ्यावं.

लूमवाला_अशोक_चौक

काका एकच नंबर लिहिलंत. माझी भर एवढीच, खरी टिकटिक आणि खोटी टिकटिक कानानं ओळखता येते. मी लहानपणापासून पॉवरलूमच्या खटखटीत झोपलोय, ती खटखट एका तालात, बंद पडली की जाग येते. मीटर असा तालात वाजायला लागला तर समजायचं बाहेरून काहीतरी घुसतंय, मोबाईल, वेल्डिंग, फर्नेसची पॉवर सप्लाय. किरणोत्साराची टिकटिक पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडतात तशी असते, टप, टपटप, मग बराच वेळ काहीच नाही, परत टप. तिला ताल नसतोच. २० सीपीएमला पण मधेच आठ-दहा सेकंद सन्नाटा होऊ शकतो, घाबरू नये. मोबाईल कुठल्या खिशात ठेवता तुम्ही?

चिंचोळी_स्टोअर

बाप रे एवढी उत्तरं. सगळ्यांचे आभार.

@लूमवाला मोबाईल आणि मीटर एकाच खिशात असतात ओ 🙈 फोन आला की मीटर टरटर करायचा, मला वाटायचं व्हायब्रेशन आहे.

@सर्किट झिरकॉन आहे की! कोअर शॉपच्या दारातच कोटिंगची पोती रचलेली आहेत. ते किरणोत्सारी असतं?

जुळे_सोलापूर_सर्किट

झिरकॉनच्या वाळूत निसर्गतःच थोडं युरेनियम-थोरियम असतंय, दाणेच तसे. पोत्याला टेकवलं तर आकडा वाढणारच, तुझा मीटर खरं बोलला. पण त्यासाठी चप्पल सोडून पळायची गरज नाही, तिथं नाकातोंडाला मास्क हवाच, तो धुळीसाठी. उलट आपल्या सोलापुरात खाली सगळा काळा पाषाण, बसाल्ट, त्यात ग्रॅनाइटपेक्षा हे घटक कमी, म्हणून मोकळ्यावर मीटर एवढा शांत आहे. पटत नसेल तर किचनच्या ओट्यावर दहा मिनिटं ठेव, ओटा दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटचा असेल तर बहुतेक चार टिक जास्तच येतील.

रोज सकाळी मीटर जिवंत आहे का हे बघायला काहीतरी ठरलेली वस्तू पाहिजे. जुन्या गॅसबत्तीचं मेंटल कुणाच्या माळ्यावर असेल तर त्यात थोरियम असायचं, ते चांगलं वाजतं, पण हातात घेतलं की भुगा होतो, तो नाकात नको. त्यापेक्षा पोटॅश. कृषी केंद्रात मिळतं ते म्युरेट ऑफ पोटॅश, लाल असो का पांढरं, निम्मं वजन पोटॅशियमचंच. किलोभर जाड पिशवीत बांध आणि टेबलात ठेव.

चिंचोळी_स्टोअर

११ दिवसांनी सांगतोय. मामाचं डाळिंब आहे मोहोळकडं, त्याच्याकडनं लाल पोटॅश आणलं दोन किलो, मामा म्हणला तुला कशाला, कुंडीत घालायलास का. दहा मिनिटं मोकळ्यावर २०७ टिक, दहा मिनिटं पिशवीवर ३२१. आता रोज सकाळी काटा सुरू करायच्या आधी पिशवीवर ठेवतो, वहीत आकडा लिहितो.

बॅकलाइट ५ सेकंद, बॅटरी टाइप बदलला, ऑटो पॉवर ऑफ बंद, व्हायब्रेशन फक्त अलार्मला, अलार्म ६० वर. मोबाईल आता डाव्या खिशात आणि मीटर उजव्या हातात. रिचार्जेबलची एकच जोडी अजून चालू आहे. मॅडमनी विचारलं मीटर बंद ठेवतोस का काय. ऐकू यावं म्हणून इअरफोन लावतोय, एकाच कानात, दुसरा फोर्कलिफ्टसाठी मोकळा. दुपारी पडदा काळाभोर झाला होता उन्हात, मला वाटलं गेला, सावलीत आणल्यावर परत आला.

पण कालपासून नवीन भानगड. इअरफोन काढला तरी स्पीकरमधून टिक येत नाही. मेनूत क्लिक ऑन आहे, लाल दिवा लुकलुकतोय, इअरफोन परत लावला की आवाज येतोय. बझर उडाला का?

जुळे_सोलापूर_सर्किट

बझर ठीक आहे. इअरफोनच्या भोकात आत एक पत्ती असते, पिन घातली की ती ढकलली जाते आणि स्पीकरचं कनेक्शन तुटतं, पिन काढली की पत्ती परत चिकटते. तुमच्यातली काळी रेती आत गेली असणार, पत्ती चिकटत नाही, मीटरला वाटतंय इअरफोन अजून लावलेलाच आहे. सेल काढून पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दहा-पंधरा वेळा आतबाहेर कर, वाळू दे. नंतर इअरफोन नसताना त्या भोकावर चिकटपट्टी लाव. फुंकर मारू नको, थुंकी जाते.

क्षकिरण_काका

आणि तोपर्यंत दिव्याकडं लक्ष ठेवून काम करा, किंवा इअरफोन लावूनच. मुका मीटर घेऊन गाडीजवळ जाऊ नका.

चिंचोळी_स्टोअर

झालं काका, सुरू झाला. मोबाईल रिपेअरवाल्या मित्राकडनं अल्कोहोल आणलं, तेराव्या-चौदाव्या वेळेला एकदम टिक आला. घरीच करत होतो रात्री, आतल्या खोलीतनं लगेच आज्जीचा आवाज, कृष्ण कृष्ण.

कडक_भाकरी

आज्जीला मीटरच्या कामावर लाव बे, सेल पण लागणार नाहीत.